सिस्टर का टिकतात?

१९८०च्या सुमारास अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता. नर्सेस सोडून का जातात, यावर खल चालला असताना अमेरिकन अॅकॅडमी ऑफ नर्सिंगने प्रश्नच उलटा केला: आजूबाजूला गळती लागलेली असताना काही ठिकाणच्या नर्सेस जात का नाहीत? अशी ४१ रुग्णालयं निवडून १९८३ साली अहवाल निघाला. त्यांना नाव पडलं 'मॅग्नेट हॉस्पिटल'.

पगार बरे होतेच, पण गंमत वेगळीच होती. तिथे नर्सिंगप्रमुख वरिष्ठांच्या बैठकीत बसत, वॉर्डातही दिसत. वॉर्डाचे बरेच निर्णय वॉर्डातच होत.

याने काय फरक पडतो? समजा, रात्रपाळीच्या तोंडावर दोघींचा फोन येतो, आज जमणार नाही. इनचार्ज सिस्टरसमोर ड्यूटीचा तक्ता. एके ठिकाणी ती स्वतः जादा सिस्टर बोलावते, नाहीच मिळाली तर नवे पेशंट घेणं थांबवते. दुसरीकडे सुपरवायझरला फोन, तिथून वर, वरून उत्तर नाही. सकाळी जाब मात्र हिलाच. ही दुसरी बाईही निवृत्तीपर्यंत नोकरी करेल कदाचित. पण टिकली म्हणायचं का तिला?

जॉन मेयर आणि नॅटली अॅलन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली याची फोड केली. कुणी संस्थेत जीव गुंतला म्हणून राहतं, कुणाला राहणं आपलं कर्तव्य वाटतं, तर कुणी सोडलं तर नुकसान होईल म्हणून. मस्टरवर तिघींच्या सह्या सारख्याच! म्हणून नुसती गळतीची टक्केवारी मिरवणाऱ्या व्यवस्थापनावर माझा फारसा विश्वास नाही.

खरा धक्का १९९४चा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी ३९ मॅग्नेट रुग्णालयांची १९५ इतर रुग्णालयांशी तुलना केली, तीही मेडिकेअर या सरकारी विम्याच्या रुग्णांपुरती. आजाराचं गांभीर्य हिशेबात धरूनही मॅग्नेटमधलं मृत्यूचं प्रमाण ४.६ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे हजार रुग्णांमागे सुमारे पाच जीव! एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. पण डॉक्टर राउंड घेऊन जातात, खाटेशी चोवीस तास असते ती नर्स. पहाटे तीनला पेशंटचा श्वास बदललेला तिला कळतो. तेव्हा डॉक्टरांना उठवायचं की सकाळची वाट पाहायची, हे त्या वॉर्डात आधीच्या अशा फोनवर कोण कुणाला ओरडलं होतं आणि इनचार्ज कुणाच्या बाजूने उभी राहिली होती, यावर ठरतं.