वजन तेच, कंबर कमी : तीन महिन्यांत काय जमू शकते?

घरात लग्न ठरले की नवरदेवाला तीन महिन्यांत पोट आत आणि छाती बाहेर हवी असते. त्याच्या अम्मीला मात्र मुलगा सुकलेला दिसायला नको असतो. खरे तर दोघे एकच गोष्ट मागत असतात : चरबी कमी व्हावी आणि स्नायू वाढावेत. हे एकाच वेळी होऊ शकते. पण किती होऊ शकते हे आधी ठाऊक नसले, तर माणूस सहाव्या आठवड्यात कंटाळून सगळे सोडून देतो, नाहीतर जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शनच्या वाटेला लागतो.

हा प्रश्न फक्त नवरदेवांचा नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची पुष्कळ माणसे अशीच असतात. हातपाय काडीसारखे, पण सदऱ्याखाली पोट. काट्यावर वजन ठीक दिसते आणि चाळिशीत साखर निघते. अशा माणसाला नुसते ‘वजन कमी करा’ म्हणून सांगणे अपुरे आहे. त्याच्याकडे मुळात स्नायूच कमी आहेत. उपाशी राहून वजन उतरवले तर चरबीबरोबर ते थोडेसे स्नायूही जातात.

आता शक्य काय ते पाहू. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने ४० जाड तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे त्यांचा आहार गरजेपेक्षा ४० टक्क्यांनी कमी केला आणि आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम घेतला. निम्म्यांना भरपूर प्रथिने दिली, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे रोज २.४ ग्रॅम. त्यांची चरबी ४.८ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. उरलेल्यांना त्याच्या निम्मी प्रथिने मिळाली. त्यांची चरबी ३.५ किलोने घटली, पण स्नायूंची भर जवळजवळ शून्य. हे सगळे तरुण होते, जेवण मोजून मिळत होते, डोक्यावर देखरेख होती. दुकान, नोकरी आणि मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्याने हे आकडे उद्दिष्ट म्हणून भिंतीवर लावू नयेत.

साध्या माणसाचा हिशेब असा मांडता येईल. वजन ८२ किलो, वय ३५, व्यायाम कधी केलेला नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. रोज साडेतीनशे कॅलरी कमी घेतल्या तर बारा आठवड्यांत २९,४०० होतात, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास चरबी. प्रत्यक्षात थोडी कमीच जाते, कारण कुणीच रोज काटेकोर राहत नाही. त्याच काळात नवख्या पुरुषाला किलो-सव्वा किलो स्नायू मिळाले तर उत्तम समजावे. स्त्रियांना साधारण त्याच्या निम्मे. म्हणजे तीन महिने घाम गाळून काट्यावर फरक दिसणार दोन-अडीच किलोचा! इथेच बहुतेकांचे मन खचते. पण विजारीचे बटण सैल झालेले असते.

म्हणून उद्दिष्ट काट्यावर ठेवूच नये. मिठाचे खाणे झाले किंवा वलीम्याची बिर्याणी झाली की पाणी साठून वजन एका रात्रीत किलोभर इकडे-तिकडे होते. शिंप्याची टेप घ्यावी. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर, श्वास न ओढता पोटाचा घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० सें.मी.च्या आणि स्त्रियांचा ८० सें.मी.च्या आत असावा असे डॉक्टर मानतात. ज्याचा ९८ आहे त्याने तीन महिन्यांत ९४-९५ चे उद्दिष्ट ठेवावे; थेट ९० चे नको. टेपशेजारी दुसरा आकडा लिहावा ताकदीचा : किती जोर निघाले, कोणते वजन किती वेळा उचलले. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण दंड तेवढेच राहतात. तेव्हा मेंदू आणि नसा काम शिकत असतात. स्नायू मागाहून भरतात.

जेवणाबाबत आपल्या घरांत एक गोड गैरसमज आहे. ‘आम्ही गोश्त खाणारे, आम्हाला प्रथिनांची काय कमी?’ ताटाकडे नीट पाहा. दोन बोट्या, वाटीभर तेलाचा तवंग असलेला रस्सा आणि भाताचा डोंगर. आणि जी बाई हे सगळे रांधून सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिच्या वाट्याला बऱ्याचदा फक्त रस्साच उरतो. स्नायू वाढवायचे तर असायला हव्या त्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात; ७० किलोला ११२. तीन अंड्यांतून १८, दीडशे ग्रॅम कोंबडीतून ३३, तेवढ्याच मासळीतून २८, पेलाभर दुधातून ८, वाटीभर डाळीतून ७, चार चपात्यांतून १२ आणि वाटीभर दह्यातून ५. झाले १११. रोज कोंबडी आणि मासळी दोन्ही परवडत नाही, हे खरे. मग सोयाबीनच्या वड्या आणाव्यात. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅम प्रथिने असतात, आणि खिम्यात मिसळल्या तर मुलेही कुरकुर करत नाहीत. कमी करायचे ते तेल, भात, बेकरीचे खारी-नानखटाई आणि चहातली साखर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कमी जेवून व्यायाम केल्याने साखर एकदम खाली येऊ शकते; डोस आधी तपासून घ्यावा.

झोपेचे फार सांगत नाही, एकच प्रयोग. शिकागोत दहा जाड माणसांना दोन-दोन आठवडे तोच कमी आहार देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा तीन किलोच्या आसपासच उतरले. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकीचे कशातून गेले, ते आपण ओळखले असेलच.

व्यायामासाठी जिम लागतेच असे नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. जोर, बैठका, पाठीवर पुस्तकांचे दप्तर घेऊन पायऱ्या. घरातल्या स्त्रियांना आट्याची पाच किलोची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठ-बस करता येते. दहा वेळा सहज जमले की बारा, मग पिशवी दहा किलोची. भार वाढत गेला तरच स्नायू वाढतो. तेच वजन वर्षभर उचलून काही होत नाही. ‘आमचा नमाजमध्ये व्यायाम होतो’ असे काही वडीलधारे म्हणतात. नमाज इबादत आहे, तिला कसरतीच्या हिशेबात धरू नये. उलट गुडघे आणि मांड्या दुबळ्या झाल्यामुळे किती जणांना खुर्ची घ्यावी लागते, ते मशिदीत दिसतेच. अशांसाठी सर्वांत योग्य उद्दिष्ट किलोचे किंवा सेंटिमीटरचे नाहीच : हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठता येणे. वय झाले म्हणून सोडू नये. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलवून घेतले, तर त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली होती.

इंजेक्शनविषयी स्पष्टच बोललेले बरे. तीन महिन्यांत दहा किलो स्नायू दाखवणारी जाहिरात किंवा उस्ताद, दोन्ही खोटे. स्टेरॉइडमुळे शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बंद पडते, शुक्राणू घटतात, हृदयावर भार येतो. लग्नासाठी म्हणून घेतलेले औषध लग्नानंतर मूल होण्याच्या आड येते. ‘वजन वाढवणाऱ्या’ डब्यांत तर बहुतेक साखर आणि स्टार्चच असतो. साधी व्हे पावडर गरज वाटली तर घ्यावी, पण डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावे. हलालचा शिक्का आहे का तेही पाहावे, कारण व्हे हे चीज बनवताना निघालेले पाणी असते आणि चीज विरजायला जनावराचे एन्झाइम वापरलेले असू शकते.

बारा आठवड्यांत रमजान येत असेल तर आकडे आधीच बदलून घ्यावेत. त्या महिन्यात वाढीचे उद्दिष्ट ठेवू नये, आहे ते टिकवण्याचे ठेवावे. आठवड्यातून दोनदा, इफ्तारनंतर तास-दीड तासाने किंवा तरावीहनंतर अर्धा तास व्यायाम पुरतो. भजी आणि समोसे कमी करून इफ्तारला अंडी किंवा कबाब, सहरीला दही आणि डाळ, मधल्या वेळेत भरपूर पाणी. ईदनंतर वजने थोडी उतरवून सुरुवात करावी. दोन-तीन आठवड्यांत जुना आकडा परत येतो.