वारीच्या वाटेवरचं मीठ-साखर-पाणी

ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालत जायचं म्हणजे लांबचा पल्ला, त्यात दिवेघाटाची चढण. पाऊस लांबला तर घामाच्या धारा लागतात आणि घामाबरोबर मीठही जातं. अशा वेळी तहान नसताना नुसतंच पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. मग मळमळ, डोकेदुखी. फार झालं तर भ्रमसुद्धा.

उपाय घरचाच आहे. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा, पोह्यांचा नव्हे! वर लिंबू पिळा. यातली साखर केवळ चवीसाठी नसते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. म्हणून हात सैल सोडू नये. फार गोड सरबत उलट आतड्यातच पाणी खेचतं.

मीठ घातलेलं ताकही चांगलंच. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तहानेनुसार घोटघोट प्या आणि बाटलीत उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी ओतून द्या.