रुपयाची लेखणी, दिनाराचा संसार

1961 पर्यंत कुवेतच्या बाजारात भारतीय रुपयाच चालत असे, आणि 1959 साली तर रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी निराळ्या नोटाही काढल्या होत्या. पुढे दिनार आला, आणि आज एका दिनाराला अडीचशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. साल्मिया किंवा फाहाहीलच्या सदनिकेत बसून इंटरनेटवरून लेखनाची कामे घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसाने हिशेबाचा आरंभ येथूनच करावा. कारण शब्दाला पन्नास पैसे या दराने मायदेशातील संकेतस्थळासाठी हजार शब्दांचा मजकूर सिद्ध केला, तरी त्या 500 रुपयांचे दोन दिनारही भरत नाहीत.

साहजिकच दृष्टी डॉलरमध्ये मोबदला देणाऱ्या मंचांकडे वळते. परंतु अपवर्कवर नुसत्या अर्जासाठीही ‘कनेक्ट्स’ नावाची टोकने खर्ची पडतात, आणि मोबदल्यातून दलाली कापली जाते ती वेगळीच. फायव्हर तर इस्रायली कंपनी, आणि इस्रायलशी व्यवहार करण्यास कुवेतमध्ये 1964 च्या कायद्याने मनाई आहे. अ‍ॅमेझॉनचे किंडल हे ई-पुस्तकांचे दालन 2016 च्या डिसेंबरात मराठीस खुले झाले. तेथे अटींप्रमाणे 35 किंवा 70 टक्के मानधन मिळते, पण वाचक मिळवण्याची यातायात लेखकाच्याच माथी येते.

याहून नाजूक प्रश्न इकाम्याचा, म्हणजे निवास परवान्याचा. खासगी नोकरीसाठीचा कलम 18 चा परवाना एकाच कफीलाशी, म्हणजे प्रायोजक मालकाशी, बांधलेला असतो. जानेवारी 2024 पासून मूळ मालकाच्या संमतीने दिवसाला 4 तासांपर्यंत अन्यत्र काम करण्याची सवलत मिळाली आहे खरी, तथापि कलम 22 वर आश्रित म्हणून आलेल्या गृहिणीस नोकरीची मुभा नाही. म्हणून नोकरदाराने पहिले काम स्वीकारण्यापूर्वीच कंपनीच्या मनुष्यबळ खात्याकडे चौकशी करून लेखी परवानगी मागावी, हे श्रेयस्कर. कुवेतमध्ये व्यक्तिगत प्राप्तिकर नाही. मात्र मोबदला थेट भारतातील खात्यात घेतल्यास अनिवासी भारतीयासही तेथे कर लागू शकतो.

इतके सोपस्कार सांभाळून हा उद्योग करावा काय? करावा, कारण नोकरी सुटली की इकाम्याचीही मुदत भरत येते, पण दर, मुदत आणि दुरुस्त्यांची मर्यादा आधी लेखी ठरवून, वेळेवर काम देऊन जोडलेले ग्राहक मायदेशी परतल्यावरही आपलेच राहतात.