पुंगीविना पुंगी

बेलापूर असो वा श्रीरामपूर, वरातीत बँजो पार्टीच्या कीबोर्डवर नागिणीची धून सुरू झाली की कुणीतरी रुमाल दातांत धरून नाचू लागतोच. ही धून 1954 च्या ‘नागिन’मधली, संगीत हेमंतकुमारांचे. गंमत अशी, की मूळ ध्वनिमुद्रणात पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शाह यांनी ती धून क्लॅव्हिओलिन या विद्युत वाद्यावर वाजवली. साथीला रवींची हार्मोनियम. तरी देशभर सगळ्यांना पुंगीच ऐकू आली. सिंथेसायझरवर लीडचा, म्हणजे चाल वाहून नेणारा आवाज घडवणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे: नक्कल करायची तर वाद्याच्या रंगाची नको, त्याच्या हालचालीची हवी.

क्लॅव्हिओलिनमधून एका वेळी एकच सूर निघे. स्वररंग बदलायला खटके, कंपाची सोय आणि आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा, एवढाच त्याचा संसार. आजचा सिंथेसायझरही फारसा वेगळा नाही. करवती लाटेत मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे संनादी असतात. फिल्टर त्यांतले वरचे छाटतो. हे काम झटपट होते. वेळ लागतो तो पुढे: सूर किती मिलिसेकंदांत उभा राहावा, सेकंदाला पाच-सहा वेळा होणारा कंप लगेच सुरू व्हावा की सूर स्थिरावल्यावर. सुराची सुरुवात किती मोलाची, पाहा: 1948 मध्ये पॅरिसला संगीतकार पिएर शेफर यांनी मुद्रित घंटानादातला सुरुवातीचा टोला वगळला, तर उरलेला आवाज घंटेचा वाटेना. धातू तोच, संनादीही तेच. ओळख मात्र गेली.

मग रंगाला किंमतच नाही का? आहे. आपला कान साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथले संनादी छाटले, तर ढोल-ताशात लीड गाडला जाईल. पण रंगाने आवाज ऐकू येतो, जिवंत होत नाही. दुसरा आक्षेप जुना आणि अधिक वजनदार: पट्टीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणे, कशी निघणार? हार्मोनियमपुरता तो खराच. पण 1970 च्या मिनीमूग सिंथेसायझरवर सूर वाकवायचे चाक आले, आणि मुंबईच्या चरणजितसिंग यांनी 1982 मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’मध्ये रोलंडच्या यंत्रांवर राग वाजवून दाखवले. तेव्हा नवा कीबोर्ड घेतल्यावर तयार टोन चाळत बसण्याआधी डाव्या हाताला त्या चाकाची सवय लावा.