आधी ठेका, मग सूर

खडकी स्टेशनात लोकल शिरली की आमच्या मांडणीवरचे डबे थरथरतात. 19 वर्षं मला लोकल अशीच कळायची, डब्यावर हात ठेवून. क्षयावरच्या इंजेक्शनांनी तिशीतच माझे कान गेले. कॉक्लियर इम्प्लांट बसवल्यावर भेटेल तो विचारायचा, "आता गाणी ऐकता येत असतील ना?" येतात. पण कशी, ते नीट सांगायला हवं.

आतल्या कानात शंखासारखा, अडीच वेटोळ्यांचा कॉक्लिया असतो. त्याच्या तोंडाशी तार स्वर, आत टोकाशी खर्ज. धडधाकट कानात ध्वनीचा निरोप मेंदूकडे धाडायला साधारण साडेतीन हजार केशपेशी राबतात. इम्प्लांटमध्ये ते काम 12 ते 22 इलेक्ट्रोड करतात. शिवाय आतल्या द्रवात वीज पसरते आणि शेजारच्या मज्जातंतूंनाही जागं करते. पेटीवर एका पट्टीऐवजी पंजाच ठेवावा, तसं काहीसं. बोलणं समजायला तेवढं पुरतं. सुराला पुरत नाही. म्हणून कोमल गंधार आणि शुद्ध गंधार आमच्यापैकी अनेकांना एकच वाटतात.

लयीचं मात्र तसं नाही. ठोका कधी पडला, हे यंत्र चोख सांगतं. 1978 साली मेलबर्नमध्ये ग्रॅएम क्लार्क यांनी रॉड साँडर्स या रुग्णाला अनेक इलेक्ट्रोडांचं इम्प्लांट बसवलं. चाचणीत राष्ट्रगीताची धून वाजवली आणि तो उठून उभा राहिला. मला वाटतं, त्याला आधी लयच सापडली असणार.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने आघाडीवर. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारची मदत मुख्यतः लहान मुलांसाठी आहे. मोठ्यांना बहुधा पदरमोडच करावी लागते, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. पहिल्या दिवशी नवऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आला. गाणं तर नुसता कल्ला. तेव्हा ह्यांनी एक युक्ती केली. जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठेका धरला: धा धी ना, धा ती ना. "दादरा," मी म्हटलं. मग केरवा. तोही ओळखला. त्या रात्री कितीतरी वेळ आम्ही टेबलच वाजवत बसलो होतो.

पुढची वाट तिथूनच सापडली. कान जाण्याआधी पाठ असलेली गाणी घ्यायची, एक गळा आणि मोजकी वाद्यं असलेली. शब्द समोर ठेवायचे आणि रोज तेच गाणं ऐकायचं. जुनी भावगीतं यासाठी फार सोयीची. वाद्यवृंदाचा मात्र गोंधळ होतो. पाठ असलेल्या गाण्यात आठवण यंत्राला हात देते. नव्या चालीत तो आधार नसतो. दुसऱ्या कानाला थोडं जरी ऐकू येत असेल, तर तिथे साधं श्रवणयंत्र लावावं. खर्जाची बाजू त्याने भरून निघते.

सगळ्यात अवघड तानपुरा. त्याचं सारं वैभव जवारीतून उमटणाऱ्या बारीक स्वरांत, आणि नेमके तेच माझ्या यंत्रातून गळतात. उरते ती गुणगुण. आईच्या तानपुऱ्यावर अजून खोळच आहे.

पेटी मात्र रोज निघते. हे दोन पट्ट्या वाजवतात, वरची कोणती ते मी सांगायचं. सुरुवातीला दहांत चार बरोबर यायची, आता सात येतात. षड्ज-पंचम चुकत नाही. गंधार अजून फसवतो. त्याच्यासाठी आम्ही संध्याकाळची लोकल गेल्यावर, घर शांत झालं की बसतो.