तिथीची पाऊणपट

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या मागेपुढे पूर्ण भरती. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, म्हणून हा ठोकताळा जमतो. समुद्रकाठी पक्षी पाहायला निघणाऱ्याने दुर्बिणीच्या आधी हा हिशेब हाताशी घ्यावा, आणि परदेशी किनाऱ्यावर जाणाऱ्याने तर त्यामागचा विचार बरोबर न्यावाच, असे मला वाटते. रानात पहाट गाठली की निम्मे काम होते. खाडीवर मात्र पहाटे पोहोचूनही पाणी चुकले तर हाती काहीच लागत नाही.

याचे कारण पक्ष्यांच्या पोटात आहे. चिखलातले किडे, शिंपले, खेकडे ओहोटीलाच मिळतात. कोरल आपली लांब, वाकडी चोच चिखलात खोल खुपसतो, आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे भक्ष्य नजरेने हेरून टिपतो. पूर्ण ओहोटीला हे सारे पाण्याच्या कडेने लांबवर पांगतात. शिवडीच्या काठावरून तेव्हा नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागले की चिखल आक्रसतो आणि थवे काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीआधीचे दोन तास म्हणूनच मोलाचे. त्यानंतर पक्षी मिठागरांत किंवा उंचवट्यांवर विसाव्याला जातात. त्यातही पुनवे-अवसेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत फरक आहे: भांगाला पाणी कमी चढते, चिखलाचे पट्टे उघडे राहतात आणि पक्षी लांबच थांबतात. २०२२ साली रामसर यादीत गेलेली ठाण्याची खाडी रविवारच्या सोयीने पाहिली तर निराशा होऊ शकते. तीच पंचांग पाहून गाठली तर सहसा होत नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वॉश उपसागरात, स्नेटिशॅमजवळ, हेच चित्र भव्य होऊन दिसते. मोठ्या भरतीने चिखल बुडाला की नॉट नावाच्या तुतारीवर्गीय पक्ष्यांचे हजारोंचे थवे उठतात आणि किनाऱ्यामागच्या तळ्यांवर उतरतात. आपली पाऊणपट मात्र तिथे लागू पडत नाही. मुंबईत उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, तिथे सकाळ-संध्याकाळी. कारण किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांप्रमाणे भरतीची घटका बदलते. आकडा बदलतो, चंद्राशी असलेले नाते बदलत नाही. घरच्या खाडीवर ते उमगलेल्याला परक्या बंदराचे वेळापत्रक चटकन वाचता येते.

यावर कोणी म्हणेल, फोनवर सारे मिळते, आणि चार दिवसांच्या सहलीत वाटाड्या घेतलेला बरा. वाटाड्या जरूर घ्यावा. नवी नावे तोच सांगेल. पण फोनवर काल कोणता पक्षी कुठे दिसला हे कळले, तरी तो त्या घटकेला तिथे का होता हे कळत नाही, आणि तेच ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशी तिथे रिकामा चिखल भेटतो. शिवाय किनाऱ्यावरचे पक्षी सर्वस्वी परके नसतात: कोरल, करडा चिखल्या, पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा आपल्याकडेही हिवाळ्यात येतात आणि वॉशच्या चिखलातही चरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भरतीला पक्षी एकवटतात हे सर्वांना शिकवले, तर विसाव्याच्या जागीच गर्दी होईल. ही भीती खोटी नाही. २००७ साली ‘ई ७’ या खुणेची पाणटिवळ्याची मादी अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत सुमारे ११,७०० किलोमीटर, आठ दिवस, वाटेत कुठेही न उतरता उडाली. एवढ्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावर साठवलेली चरबी. विसाव्यातून विनाकारण उठवलेला थवा तीच खर्च करतो. पण भरतीचे गणित न कळणाराच फोटोसाठी थव्याकडे चालत जातो. ज्याला ते कळते तो आधी येऊन एका जागी बसतो, पाण्याला पक्षी जवळ आणू देतो, आणि ओहोटी लागून ते आपणहून चिखलावर परतेपर्यंत हलत नाही.