‘शू आली’ म्हणण्याआधी

मूल शी-शू ‘सांगू लागले’ असे मराठी घरांत म्हटले जाते, तेव्हा त्यामागे तीन वेगळ्या क्षमता एकत्र आलेल्या असतात: मूत्राशय किंवा गुदाशय भरल्याची जाणीव होणे, ती जाणीव झाल्यावर काही क्षण थांबता येणे, आणि ठरलेल्या जागी जाऊन, कपडे सारून, स्नायू सैल सोडता येणे. तान्ह्या बाळात मूत्राशय भरले की ते बव्हंशी आपोआप रिकामे होते, म्हणजे ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. साधारण दीड ते तीन वर्षांच्या काळात मेंदूचा वरचा भाग या क्रियेवर हळूहळू ताबा मिळवतो आणि मूत्राशयाची धारणशक्तीही वाढते. मुलाच्या वयाच्या वर्षांत एक मिळवून तीसने गुणावे, म्हणजे ती मिलिलिटरमध्ये मिळते, असा बालरोगतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब आहे, आणि त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाची धारणशक्ती ९० मिलिलिटरच्या आसपास येते. ही वाढ वेळापत्रक लावून घाईने घडवता येत नाही. ती झाली आहे की नाही, हे मात्र ओळखता येते.

रायगडच्या किनाऱ्यावर मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात, जसे उर्वरित महाराष्ट्रातही, आई किंवा आजी पाय लांब करून बसते, दोन्ही पावलांवर बाळाला टेकवते आणि ‘श्शू’ असा आवाज काढते. दूध प्यायल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे त्या वेळी बसवलेले बाळ बहुधा शी करते. या प्रकारात बाळापेक्षा आजीच अधिक शिकलेली असते, असे कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही, कारण चेहऱ्यावरचा ताण, पायांची चुळबुळ, अंगाची क्षणभर स्तब्धता हे सारे ती वाचत असते. पण म्हणून ही पद्धत निरर्थक ठरत नाही. पूर्व आफ्रिकेतील डिगो समाजाविषयी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तिथे पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात होते आणि वर्षाच्या आत मुले बऱ्यापैकी कोरडी राहू लागतात. याउलट अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदींवरून असे मांडले, की मुलाने तयारीच्या खुणा दाखवल्यावरच सुरुवात करावी, आणि त्यांच्या नोंदींत दिवसाचा ताबा सरासरी २८ महिन्यांच्या सुमारास आला. पहिल्या पद्धतीत पालक मुलाच्या शरीराला ओळखतो, दुसरीत मूल स्वतःला ओळखते. दोन्हींना लागणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बारीक लक्ष.

आणि नेमके तेच लक्ष डायपरमुळे सुटते. बाळोती भिजली की बाळ रडते, घरातल्यांना कळते, आणि पुढे बाळालाही ‘आत्ता काय झाले’ याचा संबंध लागतो; ओल शोषून घेणारा डायपर हा संबंधच पुसून टाकतो. रात्री किंवा प्रवासात त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही, परंतु खुणा पाहायच्या असतील तर दिवसातले काही तास तरी मुलाला साध्या चड्डीत ठेवावे लागते.

खुणांपैकी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे दोन तासांच्या आसपास कोरडे राहणे, किंवा दुपारच्या झोपेतून कोरडे उठणे. त्यानंतर येतात वागण्यातल्या खुणा: शी करण्यासाठी पडद्यामागे किंवा दाराआड जाणे, खेळता खेळता थबकणे, ओली चड्डी ओढून काढणे, मोठ्यांच्या मागोमाग मोरीत किंवा संडासात डोकावणे. उकिडवे बसून पुन्हा उठता येणे आणि ‘चप्पल घे, दारात ठेव’ अशी दुहेरी सूचना पाळता येणे, यांतून शरीर आणि समज यांचा मेळ दिसतो. बोलण्यातली वाढही क्रमाने होते. आधी मूल ‘शू केली’ असे नंतर सांगते, मग करता करता सांगते आणि शेवटी ‘शू आली’ असे आधी सांगते. पहिल्या पायरीवर ‘आधी का नाही सांगितलेस?’ म्हणून रागावणारे पालक प्रगतीलाच चूक समजतात. मुली सहसा मुलग्यांपेक्षा थोड्या आधी तयार होतात. यापलीकडे शेजारच्या मुलाशी तुलना करण्यात काही हाती लागत नाही.

मांडव्याच्या संदर्भात एक गोष्ट आठवणे योग्य ठरेल. शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेमार्फत याच परिसरात गावातल्या सामान्य स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवण्याचा प्रयोग केला, आणि घराघरांतल्या आरोग्याचे निरीक्षण गावातलीच बाई समर्थपणे करू शकते, असा विश्वास त्यामागे होता. आज ते काम आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे आहे. मात्र लहान बालकांच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशाची शेवटची ठरलेली भेट पंधराव्या महिन्यात होते आणि अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होते, म्हणजे शी-शूच्या तयारीचा सगळा काळ या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो. मधल्या काळात पोषण आहार आणि वजनाच्या निमित्ताने सेविकेची गाठ पडतेच. तेव्हा ‘दुपारी कोरडे उठते का?’ एवढा प्रश्न विचारला गेला तरी पुष्कळ.

सुरुवात करताना जागेचा विचार टाळता येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासाचे भांडे लहान मुलाला रुंद आणि भीतिदायक वाटते, म्हणून आरंभी पावले जमिनीला टेकतील अशी छोटी पॉटी बरी. कमोड वापरायचा असेल तर पायांखाली पाट ठेवावा, कारण पाय लोंबकळत असले की पोटाचे स्नायू नीट जोर लावू शकत नाहीत. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरमध्ये कपडे वाळत नाहीत, त्यामुळे खुणा नुकत्याच दिसू लागल्या असतील तर दिवसाला पाच-सहा चड्ड्या बदलण्याचा टप्पा पावसानंतर आणणे सोयीचे. शनिवार-रविवारी मुंबईहून बोटीने मांडव्याला येणाऱ्या कुटुंबांनी पॉटी सोबत आणावी, कारण घर बदलले तरी बसायची वस्तू तीच राहिली की मूल बिचकत नाही.

शी कडक होत असेल तर मात्र आधी बद्धकोष्ठता दूर करावी लागते: एकदा दुखले की मूल शी रोखून धरते, रोखल्याने ती आणखी कडक होते, आणि फुगलेले आतडे मूत्राशयावर दाब आणून शूचाही ताबा बिघडवते. पाणी, फळे, भाज्या, वरण यांनी फरक पडला नाही, शीसोबत रक्त आले, लघवीची धार सतत बारीक किंवा ठिबकती असली, किंवा चार वर्षे उलटूनही दिवसाचा ताबा आला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. रात्रीचा कोरडेपणा पुष्कळदा दिवसाच्या ताब्यानंतर बऱ्याच महिन्यांनी येतो आणि पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा आजार मानला जात नाही. धाकटे भावंड घरी आल्यावर सांगणारे मूल पुन्हा सांगेनासे होते, हेही नेहमीचे असून ते बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते.